हरिपाठ बंद पडला म्हणून देव उठून गेला नाही

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं सहा पानांचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात. पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देतो:

"मागच्या साली द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला. निम्मे घड दावण्या रोगानं नेले, राहिलेल्यांची गळ झाली. सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. त्यातून उठतोय तोवर ज्येष्ठात मालकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. आता धरून उभे राहतात, खुर्चीत बसतात, पण बोलणं नाही. वीस वर्षांचे टाळकरी. दिंडी कधी चुकली नव्हती, पैशाच्या ओढाताणीत गेली दोन वर्षं जमलं नाही. आत्ती म्हणतात, वारी मोडली, त्याचाच कोप झाला. शेजारच्या गावचा देवऋषी एकवीस हजार मागतोय. लग्न होऊन आल्यापासून मी रोज सांजेला हरिपाठ म्हणायची. आता पुस्तक उघडलं की नुसती अक्षरं दिसतात. रात्री तीनला जाग येते ती येतेच. मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, आई, देव असता तर अण्णांचं असं झालं असतं का? मला उत्तर देता येत नाही. भजनाचा आवाज आला की मालक हमसून रडतात, म्हणून मी खिडकी लावून घेते. देव आमच्याजवळ आहे का नाही, एवढंच सांगा. आणि असला तर मला का कळत नाही?"

ताई,

आधी आत्तींचं, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं, बोलणं घेऊ. झटक्याइतकाच तो 'कोप' शब्द तुम्हाला लागलाय, हे पत्रात ओळीओळीला दिसतं. वारी चुकली म्हणून मालकांना झटका आला, हे खरं नाही. मेंदूकडं जाणारी रक्ताची नळी गुठळीनं बंद पडली किंवा फुटली की झटका येतो. त्याच्यामागं बहुतेक वेळा वाढलेलं बीपी असतं, साखर असते, तंबाखू असतो, कधी हृदयाचे ठोके अनियमित असतात. मालकांच्या बाबतीत यातलं काय होतं, ते डॉक्टरांना विचारा, एका कागदावर मराठीत लिहून घ्या आणि आत्तींना वाचून दाखवा. त्यांच्यावर रागावू मात्र नका. पोटचं पोर असं पडलं की आई कारण शोधते, कारण सापडलं तर उपाय सापडेल असं तिला वाटतं.

वारी म्हणजे सोसायटीचा हप्ता नव्हे, थकला की जप्ती यायला. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, विठोबाच त्यांना भेटायला अरणला आला, असं आपली परंपरा सांगते. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी' हे त्यांचंच बोलणं. पैशाची ओढ होती म्हणून दोन आषाढ्या बागेत काढणारा माणूस सावतोबांच्या वाटेवरच होता. आत्तींना हे नक्की सांगा. त्यांनी सावतोबांचं नाव आयुष्यभर कीर्तनात ऐकलंय. डॉक्टरांच्या कागदाइतकंच हे त्यांच्या मनाला लागेल.

आता तुमचा प्रश्न. देव जवळ आहे का? आहे. आणि मुलगी म्हणते तेही विचारात घेऊन सांगतो: देव असता तर असं झालं नसतं, असं आपल्या एकाही संतानं म्हटलेलं नाही. चोखोबांसारखा भक्त शोधून सापडायचा नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. ज्यांना हयातभर देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी आज पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. ती भिंत विठोबानं अडवून धरली असं वारकऱ्यांनी कधी सांगितलं नाही. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखून घेऊन आले, एवढंच परंपरा सांगते. १६३०च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, गावातली पत गेली आणि पहिली बायको 'अन्न अन्न करिता मेली', हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच माणसाचा 'जेथे जातो तेथे तू माझा सांगाती, चालविसी हाती धरूनिया' हा अभंग तुम्ही शंभरदा म्हटला असेल. त्यातला 'सांगाती' शब्द नीट बघा. सांगाती म्हणजे वाटेत बरोबर चालणारा. रस्त्यातले दगड उचलून ठेवायचं काम त्या शब्दात कुठंच नाही. धोंडे आहेत, चिखल आहे, ऊन आहे, आणि हात धरलेला आहे, इतकंच तुकोबा म्हणतात. मुलीला हेच सांगा. ती वाद घालेल. घालू द्या. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं बापाच्या दुखण्यावरून देवाला जाब विचारणं ही नास्तिकी नव्हे. तिला गप्प बसवून आरतीला उभं केलंत तर मात्र ती कायमची दूर जाईल.

मग तुम्हाला का कळत नाही? इथं दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात, त्या सोडवून घ्यायला लागतील. देव जवळ असणं ही एक गोष्ट आणि तो जवळ आहे असं वाटणं ही दुसरी. दुसरी गोष्ट मनाच्या आणि अंगाच्या अवस्थेवर फार अवलंबून असते. चार महिने झोप तुटलेली, आजाऱ्याचं सगळं एकटीनं उरकायचं, कर्ज डोक्यावर, अशा माणसाला काहीच 'वाटत' नाही. एक साधी परीक्षा सांगतो. जेवणाला चव लागते का? मुलीचा चांगला निकाल आला तर आतून हलल्यासारखं होतं का? शेजारीण येऊन बसली तर बरं वाटतं का? या सगळ्याला उत्तर 'नाही' असेल तर तुमची श्रद्धा आटली असा अर्थ काढू नका. भाकरीची चव गेली तशीच हरिपाठाची चव गेलीय, आणि कारण एकच आहे. त्याला नैराश्य म्हणतात, आणि त्याला औषध आहे. पहाटे लवकर जाग येऊन परत झोप न लागणं हे त्याचं ठळक लक्षण. हे दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. तोवर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही चालू, आणि मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा. गोळी घेतली म्हणजे देवावरचा भरवसा कमी पडला, असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका.

आता हरिपाठाचं. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग आहेत, वर फलश्रुतीचा एक. सगळा म्हणायचा तर वीस-पंचवीस मिनिटं जातात. आज तुमच्यात तेवढी ताकद नाही, आणि रोज अर्ध्यावर सुटतो म्हणून रोज स्वतःला बोल लावून घेताय. म्हणून सगळा म्हणायचा नाही. पहिल्या अभंगाची पहिली ओळ काय म्हणते? 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी.' क्षणभर. आणि पुढं? 'हरि मुखे म्हणा.' मुखानं म्हणा. 'असोनि संसारी जिव्हे वेगु करी' यातही जीभच आहे. मन लावून म्हणा, डोळे भरून येऊ द्या, अशी अट त्या अभंगात घातलेली नाही. मन लागत नाही त्या दिवसांसाठीच जणू माऊलींनी तोंड आणि जीभ हे दोन शब्द घातलेत.

तेव्हा असं करा. सांजेला दिवा लावलात की तिथंच उभं राहून पहिला अभंग म्हणा, मोठ्यानं. मनातल्या मनात म्हणू नका. दमलेलं मन मनातल्या मनात दुसऱ्या चरणाला सोसायटीच्या हप्त्यावर जातं. तोंडानं म्हटलं की कान ऐकतात, आणि भरकटलात तरी जीभ पुढच्या शब्दावर आणून सोडते. पुस्तक उघडू नका, तो अभंग तुम्हाला पाठ आहे. दोन मिनिटंही लागत नाहीत. झाला की पुस्तकाकडं न बघता कामाला लागा. हे एकवीस दिवस, अकरा गुरुवार असं मोजून धरू नका. संकल्प मोठा धरला की सातव्या दिवशी मालकांना ताप येतो, एक दिवस चुकतो आणि सगळं वाया गेलं असं वाटून सुटतं. इथंच बहुतेकांचं बिनसतं. चुकला तर दुसऱ्या दिवशी परत पहिला अभंग, दोनदा म्हणून भरपाई करायची नाही. महिन्याभरानं आपसूक दुसरा अभंग तोंडात आला तर येऊ द्या.

नवस मात्र बोलू नका. 'यांचा हात उठू दे, मी अमुक करीन' असं म्हटलं की रोज सकाळी हात उठलाय का ते बघायचं, आणि नाही उठला की देवानं नाही म्हटलं असं समजायचं. हाताचं उत्तर व्यायाम आणि वेळ देतील. ते देवाच्या जवळिकीचं माप करू नका.

तक्रार मात्र जरूर करा. तुम्हाला वाटतंय की देवाशी भांडलं तर पाप लागेल. जनाबाईनं विठोबाला 'अरे विठ्या विठ्या' म्हणून जे सुनावलंय ते आजही देवळात टाळ वाजवून म्हणतात. सज्जनगड शेजारच्याच जिल्ह्यात. गावोगाव मारुती उभे करणारे समर्थ करुणाष्टकात 'अनुदिनि अनुतापे तापलो रामराया' म्हणतात. रोज जळतोय, असं. तेव्हा एक शंभर पानी वही घ्या. रात्री निजायच्या आधी चार-पाच ओळी लिहा, पहिला शब्द 'विठोबा'. आज काय सोसलं नाही, काय हवं होतं, कशाचा राग आलाय. त्या दिवशी कुणी काही केलं असेल, दूधवाल्यानं पैशाचं काढलं नाही, जावेनं भाजी आणून दिली, तर तेही एका ओळीत. एवढीच खबरदारी घ्या: लिहिता लिहिता 'मीच पापी, माझंच काहीतरी चुकलं' असं वाक्य आलं तर थांबा, ते खोडा आणि परत 'विठोबा, तू' म्हणून सुरू करा. पहिली तक्रार देवाशी बोलणं असतं. दुसरी स्वतःला डागणं असतं, आणि ते रात्री झोप येऊ देत नाही.

मालकांविषयी जास्त सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: भजन ऐकलं की रडतात, म्हणून खिडकी लावून घेते.

खिडकी उघडा, ताई.

झटक्यानंतर रडू आवरत नाही याची दोन कारणं असतात. एक, मेंदूतली रडणं-हसणं आवरणारी यंत्रणा दुखावलेली असते. जरासं निमित्त झालं की बांध फुटतो, आणि मिनिटभरात आपोआप थांबतो. दुसरं, खरंच खचलेले असतात. झटका आलेल्या तिघांतल्या साधारण एकाला नैराश्य येतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना 'रडतात' एवढंच न सांगता किती वेळा, किती वेळ, कशावरून, हे सांगा. दोन्हीला औषधं आहेत.

पण भजनाचं रडणं तेवढ्यावर सोडू नका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, म्हणजे बहुतेक दुखापत मेंदूच्या डाव्या भागात आहे. बोलायचे शब्द जुळवण्याचं काम बहुतेक माणसांत तिथं चालतं. गाणं, चाल, वर्षानुवर्षं घोकलेले शब्द यांत उजवा भागही पुष्कळ काम करतो. म्हणून 'पाणी' म्हणता न येणारा माणूस कधी कधी ओळखीचं गाणं पुरं म्हणतो, आकडे ओळीनं म्हणतो, प्रार्थना म्हणतो. वीस वर्षं टाळ धरलेल्या माणसात हरिपाठ किती खोल रुजला असेल, याचा विचार करा. तो अजून तिथं असण्याची बरीच शक्यता आहे. बाहेर यायला वाट हवी.

ही वाट अशी काढा. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. सकाळी अंघोळीनंतर आणि सांजेला तुमच्या अभंगाच्या वेळी. दमलेले असताना नको, जेवण झाल्याझाल्या नको. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. त्यांना खुर्चीत ताठ बसवा, उजव्या हाताखाली उशी ठेवा. तो हात लोंबकळत राहिला तर खांदा निखळल्यासारखा होतो आणि दुखायला लागतो. त्याच कारणानं त्यांना उठवताना तो हात धरून कधी ओढू नका. तुम्ही समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं, म्हणजे त्यांना तुमचे ओठ दिसतील. त्यांचा डावा हात हातात घ्या आणि त्यांच्याच मांडीवर ठेका धरा, टाळाचा असतो तसा, पण निम्म्या गतीनं. आधी नुसती चाल गुणगुणा, दोन-तीन वेळा, शब्दांशिवाय. मग शब्दांसह 'राम कृष्ण हरि'. पाच-सहा वेळा म्हणून झालं की 'राम कृष्ण' एवढंच म्हणा आणि थांबा.

थांबणं हीच कठीण गोष्ट आहे. मनात दहा आकडे मोजा. ठेका चालू ठेवा, पण 'हरि' तुम्ही म्हणू नका. त्यांचे ओठ हलतील, आवाज येणार नाही. आपल्याला बघवत नाही म्हणून आपण म्हणून मोकळं होतो आणि त्यांची संधी जाते. दहा झाले, आलं नाही, तर तुम्ही म्हणा आणि परत सुरू करा. 'हरि'च्या ऐवजी दुसराच शब्द आला, नुसता 'अ' आला, तरी दुरुस्त करू नका. 'चुकलं, हरि म्हणा' असं म्हटलं की ते लाजतात आणि गप्प होतात. मान डोलवा, आणि परत म्हणा. 'हरि' जमू लागलं की मग 'देवाचिये द्वारी उभा...' इथं सोडून बघा. ते रडले तर हात सोडू नका, ठेका तसाच ठेवा. रडणं ओसरलं की पुढं चला. तिसऱ्यांदा रडू आलं तर त्या दिवशीपुरतं बस करा.

आणि एक दिवस अख्खा चरण तोंडातून आला तर वाचा आली असं समजून गावभर सांगू नका. गाण्यातला शब्द बोलण्यात उतरायला वेळ लागतो, कधी थोडाच उतरतो. दुसऱ्या दिवशी 'पाणी' म्हणता आलं नाही की सगळे हिरमुसतात, आणि त्यांना ते कळतं. कारण बोलता येत नसलं तरी समजतं बरंच. म्हणून त्यांच्यासमोर कर्जाचं, देवऋषाचं बोलणं करू नका. वाचा-उपचार सांगितलेले असतील तर ते चालू ठेवा, आणि हा सराव तिथल्या बाईंना सांगा, त्या चाल आणि शब्द सुधारून देतील. पहिल्या तीन-सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते. तुम्ही अजून त्यात आहात. नंतर ती सावकाश होते, पण बंद पडत नाही.

हाताचा व्यायामही नामाबरोबर लावता येतो. टेबलावर रुमाल, त्यावर उजवा हात, डाव्या हातानं तो पुढं सरकवायचा आणि मागं आणायचा. फिजिओनं दहा वेळा सांगितलं असेल तर दहा नामं. आकडे मोजण्यात कंटाळा येतो. ठेक्यावर नाम आलं की टाळकऱ्याचा हात स्वतःहून गती धरतो. जनाबाईबरोबर देव दळायला बसला असं आपण म्हणतो. दळणात ओवी असायची, कारण जड काम ओवीनं हलकं व्हायचं. तुमचं जातं हल्ली हे आहे.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. निजलेल्या अवस्थेत त्यांच्या तोंडात तीर्थ घालू नका, अंगारा घालू नका. झटक्यानंतर गिळण्यात चूक होते, आणि पातळ पाणी सगळ्यात सहज श्वासनळीत जातं. ठसका नाही आला तरी जातं, आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होऊन दवाखाना गाठावा लागतो. तीर्थ द्यायचं तर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, डाव्या गालात, आणि गिळलं का ते बघून. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेवढंही नको, तीर्थाचं बोट कपाळाला लावा. एकादशी त्यांना धरायला लावू नका. साबुदाणा घशात चिकटतो, आणि उपवासाच्या नादात बीपीची गोळी चुकते. बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद नको. तुम्हीही या वर्षी एकादशी सोडा.

देवऋषाला एक पैसा देऊ नका. जो तुम्हाला कोपाची भीती घालतो आणि ती उतरवायचे एकवीस हजार सांगतो, तो देवाचा माणूस नाही. विठोबाच्या दारात आजवर अशी पावती फाटलेली नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली महाराष्ट्रात झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, घाबरवणं, पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे. वारी, कीर्तन, भजन, हरिपाठ यांना त्या कायद्यानं हात लावलेला नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलंय. तो माणूस परत दारात आला तर आत्तींशी बोलू द्यायच्या आधी एवढं त्याला सांगा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. एकवीस हजारांत फिजिओचे किती दिवस बसतात, ते आत्तींना तुम्हीच मोजून दाखवा.

रात्री तीनचं. जाग आली की मोबाइल बघू नका आणि अंथरुणात कर्जाची बेरीज मांडू नका. ती बेरीज दिवसा करायची. संध्याकाळी पाचला वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहा: कुणाचे किती, कधी द्यायचे, उद्या कुणाला भेटायचं. सोसायटीच्या सचिवांना भेटून कर्जाच्या पुनर्गठनाचं, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून घेण्याचं, विचारा आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल जोडा. हे एकदा कागदावर आलं की रात्री मनाला सांगता येतं की ते तिथं लिहिलंय. मग उठून पाय धुवा, घोटभर पाणी प्या, भिंतीला टेकून बसा आणि एक माळ ओढा. 'राम कृष्ण हरि' सावकाश १०८ वेळा म्हणायला चार-पाच मिनिटं लागतात. ओठ हलू द्या, आवाज पुटपुटण्याइतका. मेरूमणी आला की माळ उलटी फिरवून दुसरी करा. तीन माळांत झोप नाही आली तर बळंच पडून राहू नका, सकाळची भाजी निवडायला घ्या. झोप आली तर आली.

आणि कोजागिरी झालीय. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्याकडं गावोगाव पहाटे काकडा असतो. तुम्ही चारला डोळे उघडून आढ्याकडं बघत असता, तेव्हा तुमच्याच गावच्या देवळात कुणीतरी समईला तेल घालत असतं. आठवड्यातून एक दिवस जा. तासभर मालकांजवळ बसायला जावेला किंवा पुतण्याला सांगा. सांगायला लाजू नका. मदत मागणं तुम्हाला जड जातं हे पत्रावरून दिसतं, पण दिंडीत कुणी कुणाचं गाठोडं उचललं तर त्याचे आभार मानत बसत नाहीत, उचलू देतात. रडू आलं तर बायकांच्या मागच्या ओळीत, दाराशी बसा. मालकांच्या दिंडीतल्या माणसांनाही निरोप द्या. घरी कसं जावं, काय बोलावं, या संकोचानं ते येत नसतील. बोलायचं काही नाही, सांजेला चार-पाच जणांनी येऊन अंगणात पाच अभंग म्हणायचे, अर्धा तास, चहा नको, असं स्पष्ट सांगा.

कार्तिकी पौर्णिमेला, काकड्याच्या शेवटच्या दिवशी, मालकांना देवळात न्या. डॉक्टरांना आधी विचारा. पहाटे गारठा असतो, कानाला मफलर आणि पायात मोजे घाला, उजव्या पायाला गारवा लागला तरी त्यांना कळेलच असं नाही. देवळाला पायऱ्या असतील तर चाकाची खुर्ची उलटी फिरवून, मागून दोघांनी आणि पुढून दोघांनी धरून चढवायची, पट्टा लावूनच. गर्दीच्या मधोमध नको, खांबाजवळ बसवा, म्हणजे उजवीकडं कलले तर टेकता येईल. दोन्ही हातांचा टाळ त्यांना वाजवता येणार नाही. चिपळी एका हातात मावते. ती आदल्या दिवशीच आणून ठेवा आणि भजन सुरू झालं की त्यांच्या डाव्या हातात द्या.